गौराबाईनं दहावी भांडून काढली

कळंबच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्यबाजारामागं, एक गल्ली आहे. तिथं आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं, आणि पाणी आल्याचं लोकांना नळाच्या फुरफुरीआधी गौराबाईच्या आवाजावरून कळायचं.

“कुणाची घागर हाय ही? पाय फुटलेत का हिला? मघाशी पाचव्या नंबराला हुती, आता पयली कशी झाली?”

एवढं कानावर पडलं की पलीकडच्या दोन गल्ल्यांतल्या बायकासुद्धा हंडे उचलायच्या.

गौराबाई महालिंगप्पा कलशेट्टी भांडखोर होती, हे सांगायला कुणाची साक्ष काढायची गरज नव्हती. ती स्वतःच सांगायची. पण तिच्या भांडणाला कायदा होता. कुणाच्या लेकराबाळांवर जायचं नाही, मेलेल्या माणसाला मधे ओढायचं नाही, जातीचा शब्द काढायचा नाही आणि भांडण दिवस मावळायच्या पुढं न्यायचं नाही. सकाळी नळावर जिचा पाणउतारा केला, तिच्याच घरी संध्याकाळी वाटीभर शेंगदाण्याची चटणी जायची. भिंतीला भिंत लागून राहणारी हरणाबाई म्हणायची, “गौराबाईचं भांडण म्हंजे चैतातली वावटळ. डोळ्यात माती जाती, पर छप्पर उडत न्हाय.”

आणि झालेलं भांडण ती विसरायची नाही. राग विसरायची, भांडण नाही. हरणाबाईनं सतरा वर्षांपूर्वी नागपंचमीच्या आदल्या दिवशी कोणत्या बादलीवरून काय म्हटलं होतं, त्यावर आपण काय म्हटलं, तेवढ्यात कोण मधे पडलं आणि मधे पडणारीच्या अंगावर कोणत्या रंगाचं लुगडं होतं, हे ती आज घडल्यासारखं सांगायची.

तिचा नवरा महालिंगप्पा मोंढ्यात मापाडी होता. दिवसभर पोत्यांची मापं मोठ्यानं मोजून त्याचा आवाज घरी येईपर्यंत संपलेला असायचा. गौराबाईचं माहेर उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीतलं. तिची मायबोली कानडी. बायकोच्या भाषेतला एकच शब्द त्यानं शिकून घेतला होता, ‘हौदू’, म्हणजे व्हय. त्या एका शब्दावर त्याचा सत्तावीस वर्षांचा संसार सुखात चालला होता.

लग्न होऊन आली तेव्हा गौराबाई एकोणीस वर्षांची होती आणि तिला मराठीचा गंध नव्हता. सासू बोलायची, ही ऐकायची. उलट उत्तर देता येत नाही हे दुःख तिला सासुरवासापेक्षा मोठं वाटायचं. मग तिनं सासूचेच शब्द उचलून सासूला परत द्यायला सुरुवात केली. चौदा महिन्यांत मराठी आली. सासू पुढं पाहुण्यारावळ्यांत अभिमानानं सांगायची, “माझी सून माझ्याकडूनच शिकली आन आता मलाच ऐकवती.”

कळंबात एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीची माणसं कोयते बांधून कारखान्यांच्या वाटेला लागतात, कोणी ढोकीला, कोणी थेट कर्नाटकात, आणि हंगामभर पाचटाच्या झोपडीत राहतात, तिला कोप म्हणतात. त्यांच्या सत्तर मुली इथं राहून शाळा शिकतात. गौराबाई तिथं सोळा वर्षं स्वयंपाकाला होती. नावाला स्वयंपाकीण. खरं म्हणजे ताप आलेल्या मुलीला दवाखान्यात नेणं, पहिल्यांदा पाळी आलेल्या मुलीला जवळ घेऊन समजावणं, भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली तर ती त्याच्या हातगाड्यावर नेऊन ओतणं, हे सगळं तीच करायची. गृहमाता म्हणून श्रीदेवी मॅडम होत्या. त्या फार गोड बाई. रजिस्टर लिहायच्या आणि म्हणायच्या, “गौराबाई, तेवढं बघा ना.”

श्रीदेवी मॅडम लेकाकडं पुण्याला राहायला गेल्या आणि गृहमातेची जागा रिकामी झाली. मुलींनी परस्पर ठरवून टाकलं की आता मावशीच. गौराबाईनंही ठरवून टाकलं. तिनं ठेवणीतली इरकल नेसली आणि संस्थेचे सचिव शांतलिंग सर यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

शांतलिंग सर सौम्य गृहस्थ. कोणी कितीही तापलं तरी ते चष्मा पुसायचे आणि फाइल उघडायचे.

“मावशी, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही,” ते म्हणाले. “पण गृहमाता दहावी पास लागते. नियम आहे.”

“सोळा वर्सं पोरी कुणी सांभाळल्या?”

“तुम्हीच.”

“रातच्या बारा वाजता इंचू चावलेल्या पोरीला कडंवर घिऊन दवाखान्यात कोण पळालं?”

“तुम्हीच.”

“मग?”

सरांनी नियमांचा कागद तिच्यापुढं सरकवला. गौराबाई त्या कागदाशी अर्धा तास भांडली. पण माणसाला हरवता येतं, कागदाला हरवता येत नाही, कारण तो उलट बोलतच नाही. ती दमून उठली तेव्हा सर हळूच म्हणाले, “आणि मावशी, राग मानू नका, पण गृहमातेनं जरा सौम्य असावं. तुमचा आवाज मोंढ्यापर्यंत जातो.”

त्या दिवशी घरी येऊन तिनं पदर खोचला आणि महालिंगप्पाला सांगितलं, “म्या धावी करणार.”

“हौदू,” महालिंगप्पा म्हणाला. चार घास खाऊन झाल्यावर त्यानं विचारलं, “काय करणार म्हनलीस?”

दहावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागायचा. गौराबाई माहेरच्या गावी सातवीपर्यंत कानडी शाळेत शिकली होती. शेहेचाळीस वर्षांची बाई एसटीच्या दोन गाड्या बदलून त्या शाळेत जाऊन उभी राहिली. नवे हेडमास्तर कानडीत म्हणाले, “एवढं जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं असणार.” गौराबाईनं त्यांना बसवून घेतलं आणि त्या सालच्या वर्गात कोण कुठं बसायचं, कोणत्या मास्तरांनी कोणाला कशासाठी छड्या दिल्या, खडूवरून कोणाची कोणाशी मारामारी झाली, हे ओळीनं सांगायला सुरुवात केली. एकविसाव्या मुलापर्यंत आल्यावर हेडमास्तर उठले आणि स्वतःच्या हातानं कपाटाच्या तळातून रजिस्टर काढून आणलं. वाळवीनं कोपरेच खाल्ले होते. तिची जन्मतारीख एक जून निघाली. वर्गातल्या सगळ्यांचीच एक जून होती, त्यामुळं त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं.

दाखला मिळाला, फॉर्म भरला, वह्या आल्या. अभ्यास मात्र येईना.

शिकवायला मुली होत्याच. संध्याकाळच्या भाकरी उरकल्या की त्या गौराबाईला मधे बसवून पाठांतर करून घ्यायच्या. ती दहा वेळा म्हणायची, वीस वेळा म्हणायची, आणि सकाळी पाटी कोरी. कोणत्या मुलीला कोणती भाजी चालत नाही हे सत्तर मुलींचं डोक्यात पक्कं होतं, पण धातू आणि अधातू यांतला फरक चुलीवरचं दूध उतू जायच्या आत निघून जायचा. संक्रांतीपर्यंत तिची उमेद खचली. पुस्तक पालथं घालून ती म्हणाली, “माझं डोस्कं म्हंजे पिठाची चाळण हाय. कोंडा ऱ्हातो, पीठ खाली जातं.”

त्या मुलींत नववीतली करिश्मा होती. हिच्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. शेजारच्या वाशी तालुक्यातल्या एका वस्तीवरची, हुशार, पण इतकी गरीब स्वभावाची की जेवताना कोणी तिच्या ताटातला गूळ उचलला तरी ती ताट तिच्याकडं सरकवायची. अंघोळीच्या रांगेत ती रोज शेवटची असायची, कारण जी येईल तिला ती पुढं जाऊ द्यायची. वर्गात सरांनी उत्तर विचारलं तर उत्तर माहीत असूनही आधी सॉरी म्हणायची. गौराबाईला तिचा राग यायचा आणि म्हणूनच जीवही लागला होता.

करिश्मानं खालच्या मानेनं विचारलं, “मावशी, मग तुम्हाला ती बादलीची भांडणं कशी ध्यानात राहतात?”

“भांडण ध्यानात ठिवावं लागत न्हाय. ऱ्हातंय. कोन कुणाला काय म्हनलं आन का म्हनलं, एवढं कळलं की झालं.”

करिश्मानं पालथं पडलेलं पुस्तक उघडलं. मग म्हणाली, “मावशी, लोखंडाचं आणि तांब्याचं भांडण झालंय.”

गौराबाई सावरून बसली. “कशावरून?”

“जागेवरून. तांबं मोरचुदाच्या पाण्यात सुखानं राहत होतं. लोखंडाचा खिळा आला आणि तांब्याला बाहेर काढून स्वतः आत बसला.”

“आन तांबं गप बसलं?”

“तांब्याची ताकद कमी. लोखंड जास्त क्रियाशील असतं.”

“क्रियाशील म्हंजे भांडखोर,” गौराबाई म्हणाली. “मग लोखंडाला बाहेर काडनारं कुनी हाय का न्हाय?”

होतं. जस्त होतं, ॲल्युमिनियम होतं, आणि सगळ्यांच्या वर पोटॅशियम होतं, जे पाण्याला नुसतं लागलं की पेट घेतं.

“पानी दिसलं की पेटती?” गौराबाईनं विचारलं. “ही तर आमची हरणाबाई.”

त्या रात्री धातूंची अख्खी यादी गल्लीतल्या बायकांच्या नावानिशी बसली. वरून खाली, कोण कोणाला घराबाहेर काढील अशी. अगदी तळाला सोनं होतं. सोन्याला पाणी काही करत नाही, हवा काही करत नाही, साधं आम्लसुद्धा काही करत नाही. ते कोणाच्या अध्यात ना मध्यात. गौराबाई म्हणाली, “हे आमचं मालक.” घरी गेल्यावर तिनं महालिंगप्पाला सांगितलं की तुम्ही सोनं आहात. सत्तावीस वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी मोंढ्यात दोन पोती चुकीची मोजून आला.

मग काही अडलं नाही. भूगोलात वारे आणि डोंगर ढगांवरून भांडत होते. इतिहासाच्या पुस्तकात एक जर्मन विचारवंत होता. त्याचं म्हणणं असं की कोणत्याही गोष्टीचं खरं कळायचं तर तिच्या विरुद्धची गोष्ट समोर उभी करावी लागते आणि त्या दोघांच्या झुंजीतून तिसरं निघतं. गौराबाईनं तो परिच्छेद तीनदा वाचून घेतला.

“ह्यो मानूस आपल्यातला हाय,” ती म्हणाली. “ह्याची बायको कशी हुती, दिलंय का?”

ते दिलेलं नव्हतं. गणिताला महालिंगप्पाचा उपयोग झाला. त्याला आकडे तोंडी यायचे आणि तिच्या प्रत्येक उत्तरावर तो हौदू न म्हणता पहिल्यांदाच “इल्ला” म्हणायला शिकला. म्हणजे न्हाय. यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

मार्चात परीक्षा झाली. वर्गात सगळी पंधरा-सोळा वर्षांची पोरं आणि मधे गौराबाई. उत्तर लिहायच्या आधी ती समोरच्या हवेकडं बघून ओठ हलवायची, मान उडवायची, मधेच बोट नाचवायची.

“बाई, बोलायचं नाही,” पर्यवेक्षक म्हणाले.

“बोलत न्हाय सर. आठवायलेय.”

मेमध्ये निकाल लागला. सामाजिक शास्त्रांत एकसष्ट, विज्ञानात छप्पन्न, मराठीही चांगली सुटली, गणित आणि हिंदी कशीबशी कडेला लागली. इंग्रजीत एकोणीस. पास व्हायला पस्तीस लागत होते.

गौराबाईनं ते कोणाला सांगितलं नाही, पण मोबाइलच्या दिवसांत निकाल झाकून राहत नाही. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. ती उशिरा गेली, हंडा रांगेत शेवटी ठेवला. तेवढ्यात हरणाबाई पुढून आली, तिनं गौराबाईचा हंडा उचलला आणि सगळ्यांच्या आधी नळाखाली लावला.

“भर बाई,” हरणाबाई मऊ आवाजात म्हणाली. “जाऊ दे. आपलं वय हाय का आता ह्ये. जिवाला लावून घिऊ नगं.”

कोणी ‘माझा नंबर’ म्हटलं नाही. गौराबाईचा हंडा भरला, वाहू लागला, तरी ती तशीच उभी. आयुष्यात तिला लोकांनी शिव्या घातल्या होत्या, तोंडावर दारं लावली होती, एकदा अंगावर ताक फेकलं होतं. त्यातलं काही तिला लागलं नव्हतं. ही कीव मात्र काळजात घुसली. आपल्याशी भांडायलाही कोणी राहिलं नाही, असं तिला वाटलं. घरी येऊन ती दार लावून रडली. महालिंगप्पा उंबऱ्यावर बसून राहिला. हौदू म्हणावं की इल्ला म्हणावं हे त्याला कळेना.

संध्याकाळी तिनं तोंड धुतलं. “मराठी मला कशी आली?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“आईसंगं भांडून.”

“मग इंग्रजी कशी येईल?”

पुरवणी परीक्षा जूनच्या शेवटी होती, म्हणजे हातात दीड महिना. प्रश्न एवढाच होता की इंग्रजीत भांडायला माणूस कुठून आणायचं. पहिला मान महालिंगप्पाला मिळाला. गौराबाईनं पाठ करून ठेवलेलं वाक्य त्याच्यावर सोडलं, “व्हाय आर यू लेट?” महालिंगप्पा म्हणाला, “यस.” ती म्हणाली, “यू डिड नॉट ब्रिंग जवारी.” तो म्हणाला, “यस.” तिसऱ्या यसला तिनं तो नाद सोडला.

राहिली करिश्मा. वसतिगृह सुट्टीमुळं रिकामं होतं, पण करिश्माचे आईबाप तोडणीवरून थेट वीटभट्टीवर गेले होते, म्हणून ती गौराबाईच्या घरीच राहत होती. तिचं इंग्रजी वर्गात पहिल्या नंबराचं. पण भांडण तिच्या रक्तात नव्हतं.

“व्हाय डिड यू टेक माय बकेट?” गौराबाई ओसरीवर कमरेवर हात ठेवून विचारायची.

“सॉरी,” करिश्मा म्हणायची आणि बादली परत द्यायची.

“अगं, सॉरी म्हनलीस की भांडन संपलं. माझा अभ्यास कसा हुयाचा?”

“सॉरी, मावशी.”

शेवटी गौराबाईला उलटंच काम करावं लागलं. इंग्रजी शिकायच्या आधी तिला करिश्माला भांडण शिकवावं लागलं, तेही मराठीत, पहिल्या इयत्तेपासून. उभं कसं राहायचं: दोन्ही पाय रोवून. बघायचं कुठं: समोरच्याच्या भुवयांच्या मधे, म्हणजे रडू येत नाही. पहिलं वाक्य लहान पाहिजे. समोरचा ओरडला की आपण आवाज खाली आणायचा. आणि मुद्दे तीनच, चौथा काढला की लोकांना वाटतं पहिले तीन कच्चे होते. करिश्मा हे सगळं वहीत लिहून घ्यायची. लिहून झाल्यावर सॉरी म्हणायची.

रोज दुपारी चारला ओसरीवर इंग्रजी भांडण उभं राहायचं. गल्लीतल्या बायका पोरं कडेवर घेऊन बघायला यायच्या. हरणाबाई तर पाटावर ठिय्या देऊन बसायची आणि शेवटी निकाल द्यायची, “बोलल्या काय ते कळलं न्हाय, पर पोरगी हारली.”

या भांडणांत गौराबाईला व्याकरण समजलं. भूतकाळ असतो आरोप करायला: यू टेक नाही, यू टुक. भविष्यकाळ धमकी द्यायला: आय विल नॉट गिव्ह. वर्तमानकाळाचा उपयोग एकच, समोरच्याला तो कसा आहे ते सांगायचं: यू आर. हे तीन काळ तिच्या मनात असे बसले की करिश्माच्या शाळेतल्या पोरींनाही तसे बसले नव्हते.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी भांडणाला विषय मिळेना. करिश्माची गोधडी वलणीवर वाळत होती. गौराबाईनं ती ओढून खांद्यावर टाकली आणि म्हणाली, “धिस इज माय गोधडी.”

“नो,” करिश्मा म्हणाली.

“यस. माय गोधडी. आय विल स्लीप.”

“नो.” करिश्माचे दोन्ही पाय रोवलेले होते. “माय मदर मेड इट. शी मेड इट इन द कोप, इन द नाईट, आफ्टर कटिंग केन. यू डिड नॉट मेक इट. यू डिड नॉट आस्क मी. गिव्ह.”

आवाज मोठा नव्हता. गौराबाईनं गोधडी खांद्यावरून काढली, नीट घडी केली आणि तिच्या हातात दिली. करिश्मा सॉरी म्हणाली नाही. गोधडी घेऊन आत गेली.

“आज मावशी हारली,” हरणाबाईनं निकाल दिला. “ह्ये मातर मला समदं कळलं.”

गौराबाई हरली होती आणि तिच्या तोंडावरचं हसू काही केल्या मावत नव्हतं. रात्री तिनं करिश्मासाठी पुरण घातलं.

पुरवणी परीक्षेचं केंद्र धाराशिवला होतं. ती सकाळच्या एसटीनं गेली. पेपरात दोन मैत्रिणींमधला संवाद लिहायला आला होता. सगळ्यांनी झाडं लावण्यावर लिहिलं. गौराबाईनं एसटीतल्या खिडकीच्या जागेवरून लिहिलं आणि जागा कमी पडली म्हणून पुरवणी घेतली. तिला त्रेचाळीस गुण मिळाले. पस्तिसाच्या वरचे आठ गुण त्या खिडकीनंच दिले असावेत असं करिश्माच्या शाळेतल्या सरांचं मत पडलं.

गृहमातेची जागा अजून रिकामीच होती. मग मुलाखत. शांतलिंग सरांच्या शेजारी संस्थेच्या राजेश्वरीताई बसल्या होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका, करड्या नजरेच्या.

“दोन मुलींचं भांडण झालं तर काय कराल?” त्यांनी विचारलं.

“पुरं हू देईन,” गौराबाई म्हणाली. “मधी तोडनार न्हाय. अर्दं भांडन पोटात ऱ्हायलं की ते सडतंय ताई. दोगीचं ऐकून घेईन, मग दोगीला एका ताटात जेवाय बशिवनार. आजवर तसंच केलंय.”

राजेश्वरीताईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. शांतलिंग सरांनी चष्मा पुसला. “ते ठीक आहे, मावशी. पण तुमच्या आवाजाचं काय?”

“कमी करते की सर. गृहमातेचा आवाज किती असावा त्याचा नियम दावा, तेवढा ठिवते.”

सरांनी फाइल उघडली. वरून खाली बघितली, पानं उलटली, परत पहिल्या पानावर आले. राजेश्वरीताई तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत होत्या. गौराबाई मात्र हात जोडून शांत बसली होती, सरांचं शोधून होईपर्यंत.

ऑगस्टात तिची नेमणूक झाली. पहिल्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की आता तिच्याशी कोणी भांडत नाही. भाजीवाला आपण होऊन चांगली वांगी द्यायचा. मुली “हो मॅडम” म्हणायच्या. तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मग ती रविवारी नळावर जाऊन हरणाबाईबरोबर तासभर मोकळी व्हायची.

दिवाळी झाली तशी कोयत्यांच्या टोळ्या निघू लागल्या. एका सकाळी करिश्माचा बाप धनाजी वसतिगृहाच्या दारात आला. खांद्यावर पिशवी, डोळ्यांत जागरण. करिश्मा आता दहावीत होती.

“मावशी, राम राम,” तो म्हणाला. “पोरीला न्यायला आलाव. तिच्या मायची कंबर धरलीया, वाकता येईना. कोयत्याला जोडी पायजे, एकट्याला काम देत न्हाईत. तेवढी सही करा.”

गौराबाईच्या तोंडात एकदम तीस वाक्यं आली. मराठीत वीस, कानडीत दहा. मुलीला बाहेर पाठवण्याच्या रजिस्टरवर सही तिचीच लागणार होती, तेव्हा ती काहीही म्हणू शकली असती. तेवढ्यात करिश्मा आतून येऊन बापासमोर उभी राहिली. गौराबाईनं तिच्या पायांकडं बघितलं. रोवलेले होते. गौराबाई उठली, “म्या आलेच,” म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन परातीतलं पीठ मळायला लागली. नव्या स्वयंपाकिणीनं ते मळून ठेवलेलंच होतं. गौराबाईनं ते परत मळलं. जीभ दातांखाली धरली होती आणि कान दाराकडं.

“आप्पा, म्या येणार न्हाय,” करिश्मा बाहेर म्हणाली.

धनाजी काहीतरी मोठ्यानं बोलला. करिश्माचा आवाज खाली आला.

“आठवीत असताना भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी नेलं तवा तुम्हीच म्हनला हुता, ह्ये शेवटचं. काकाचंबी म्या ऐकलंय. काका यंदा एकटाच हाय, त्याला जोडी न्हाय. तुमची आन त्याची जोडी हुईल.” मग पुढं म्हणाली, “आन आयला उसात नेऊच नगा. दवाखान्यात न्या. कंबर मोडली तर पुढल्या वर्षी कोन?”

गौराबाईच्या हातातलं पीठ रबरासारखं झालं.

“बरं,” धनाजीचा आवाज आला. “इचारतो तुझ्या काकाला.”

जाताना तो स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला. “मावशी, पोरगी आधी अशी बोलत नव्हती.”

“व्हय,” गौराबाई म्हणाली. “नव्हती बोलत. च्या घिऊन जावा.”

तो चहा पिऊन गेला. करिश्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गौराबाईनं हात धुतले, तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि मग तिला राहवलं नाही.

“मायच्या कंबरेचं आधी काडायचं हुतं. लई मागं घेतलंस.”

“तो मुद्दा राखून ठेवला होता मावशी,” करिश्मा पाण्याचा घोट घेत म्हणाली. “तो आधी काढला असता तर आप्पांनी तोच धरला असता, आई आजारी म्हणून तू चल म्हणाले असते.”

गौराबाईनं तिच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला. मग टेबलापाशी जाऊन तिनं रजिस्टर ओढलं, चष्मा लावला आणि तारीख घालून सावकाश लिहिलं, पालक आले, मुलीशी बोलले, परत गेले. खाली सही केली.